जोडी, आठवडा आणि शहर : महाराष्ट्र ओपनमधली पुरुष दुहेरी

टेनिसचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक जण एकेरीचा सांगतात. विजेता एक असला की गोष्ट सांगायला सोपी जाते. आज आपण दुहेरीकडे बघू, आणि तेही आपल्याच राज्याचं नाव धारण करणाऱ्या स्पर्धेतल्या. महाराष्ट्र ओपन ही व्यावसायिक पुरुष टेनिसची, म्हणजे एटीपीची स्पर्धा पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात पाच वेळा झाली : 2018, 2019, 2020, 2022 आणि 2023. मध्ये 2021 साल कोरोनात गेलं. या पाच वर्षांत एकेरीचं विजेतेपद एकाही भारतीयाला मिळालं नाही. दुहेरीचं मात्र दोनदा मिळालं. असं का झालं, आणि त्याचा अर्थ काय?

थोडं मागे जावं लागेल. ही स्पर्धा मुळात पुण्याची नव्हे. 1996 मध्ये ती दिल्लीत सुरू झाली, 1997 पासून वीसेक वर्षं चेन्नईत रमली. तिथे लिअँडर पेस आणि महेश भूपती या जोडीने 1997, 1998, 1999 अशी सलग तीन वर्षं दुहेरी जिंकली. 2017 ला चेन्नईतल्या शेवटच्या वर्षी तर अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना भारतीयच होते : रोहन बोपण्णा आणि जीवन नेदुनचेळियन यांनी पूरव राजा आणि दिविज शरण यांना हरवलं. म्हणजे पुण्याकडे नुसती स्पर्धा आली नाही, दुहेरीची एक परंपराही तिच्याबरोबर आली.

पण याच दुहेरीचा जीव मधल्या काळात धोक्यात आला होता, हे आपण विसरतो. 2005 मध्ये एटीपीने असा विचार मांडला की दुहेरीत प्रवेश मुख्यतः एकेरी खेळणाऱ्यांनाच द्यावा. प्रेक्षक नावाजलेल्या खेळाडूंना बघायला येतात, असा त्यामागचा हिशेब. ज्यांचं पोटच दुहेरीवर होतं ते खेळाडू न्यायालयात गेले. शेवटी तडजोड झाली. दुहेरीच्या खेळाडूंची जागा राहिली, पण सामना आखूड झाला. चाळीस-चाळीस झालं की पुढचा एकच गुण गेम ठरवतो. आणि एकेक सेट झाला की तिसरा पूर्ण सेट न खेळता दहा गुणांचा टायब्रेक खेळायचा. भारतीयांच्या दृष्टीने ही तडजोड फार मोलाची ठरली. कारण आपले अनेक उत्तम खेळाडू त्या काळात दुहेरीतच तग धरून होते.

आता बालेवाडीचे निकाल बघा. 2018 मध्ये नेदरलँड्सच्या रॉबिन हासे आणि मात्वे मिडेलकूप यांनी दोन्ही सेट टायब्रेकमध्ये जिंकले. हरलेल्या जोडीत जिल सिमाँ होता, जो त्याच आठवड्यात एकेरीचा विजेता होता. एकटा श्रेष्ठ असणं आणि जोडीत श्रेष्ठ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचं पहिल्याच वर्षी मिळालेलं हे उदाहरण. 2019 मध्ये बोपण्णा आणि शरण यांनी ब्रिटनच्या जोडीला 6-3, 6-4 असं हरवलं. हे दोघे आदल्या वर्षी पालेमबांगहून आशियाई सुवर्ण घेऊन आले होते. 2020 मध्ये स्वीडनचा आंद्रे योरान्सन आणि इंडोनेशियाचा क्रिस्तोफर रुंगकाट ही जोडी जिंकली, निर्णायक टायब्रेक 10-8. 2022 मध्ये बोपण्णा पुन्हा विजेता, पण जोडीदार वेगळा : रामकुमार रामनाथन. पहिला सेट गमावून त्यांनी 6-3 आणि 10-6 असा सामना फिरवला. 2023 मध्ये बेल्जियमच्या झिले आणि फ्लीगन यांनी श्रीराम बालाजी आणि जीवन यांना हरवलं.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे वळतो. फार ताणणार नाही, घाबरू नका. आपल्या न्याय-वैशेषिकांनी संबंधांचे दोन प्रकार सांगितलेत. एक समवाय, म्हणजे न सुटणारा संबंध. धागा आणि कापड यांच्यातला. दुसरा संयोग, तो जुळतो आणि सुटतो. दुहेरीची जोडी म्हणजे संयोग. बोपण्णाबरोबर 2017 ला जीवन, 2019 ला शरण, 2022 ला रामकुमार. सुटण्याची शक्यता कायम असते, म्हणूनच जुळलेलं टिकवायला दोघांनाही रोज कष्ट घ्यावे लागतात. विजयाचे गुण मात्र दोघांच्याही नावावर पूर्ण चढतात, निम्मे-निम्मे नाही.

शहर आणि स्पर्धा यांचं नातंही संयोगाचंच. एटीपीच्या वेळापत्रकातला आठवडा ही एक मालमत्ता असते, ती हलते. 2024 मध्ये तो आठवडा हाँगकाँगला गेला. नावात महाराष्ट्र होतं म्हणून ती आपलीच राहील, असं आपल्यातल्या काहींनी धरलं होतं.

मणिबेलीत बसून हे बोलताना जपून बोललं पाहिजे. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात सगळ्यांत आधी या गावाने बघितलं, आणि गाव आणि नदीकाठ यांचं नातं संयोगाचं नसतं. टेनिसची स्पर्धा गेली तर कुणाचं घर जात नाही. त्या दोन गोष्टी एका तराजूत घालणं हा अविचार होईल. पण एक धडा घेता येतो. 'महाराष्ट्र' हा शब्द कुठे वापरलाय आणि त्यात कोण कोण बसतं, हे दरवेळी विचारावं. ज्या 1994 साली राष्ट्रीय खेळांच्या निमित्ताने बालेवाडीचं संकुल उभं होतं, त्याच काळात सातपुड्यातली ही गावं पुनर्वसनासाठी भांडत होती. इतिहास लिहिताना ही दोन्ही पानं एकाच वहीत असायला हवीत.

मग पाच वर्षांतून उरलं काय? पुण्याचा अर्जुन कढे घरच्या स्पर्धेत मोठ्या खेळाडूंसमोर उभा राहिला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर कझाकस्तानात अल्माटी इथे एटीपी दुहेरी जिंकली, निर्णायक टायब्रेक 14-12. बालेवाडीत हरलेल्या जीवननेही त्याच्या महिनाभर आधी चीनमध्ये हांगझोऊला दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. हे केवळ पुण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, कार्यकारणभाव इतका स्वस्त नसतो. पण घरच्या मैदानावर मोठ्यांशी खेळायची संधी मिळणं हे त्यातलं एक कारण नक्कीच आहे. आठवडा परत आणता येईल न येईल. अशी संधी देणारी मैदानं मात्र आपल्या हातात आहेत, आणि ती फक्त पुण्यातच असली पाहिजेत असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.