आज वार कोणाकडे?

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. सरकारी नोकरीचा, वकिलीचा, डॉक्टरीचा रस्ता आता या परीक्षेतून जाऊ लागला. गावात मराठी शाळा असायची, पण इंग्रजी हायस्कूल जिल्ह्याच्या ठिकाणी. शिकायचे तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला घर सोडावे लागे. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, ते सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी. शंभराहून अधिक मैलांची ती पायपीट. आणि तिथे पोचल्यावर, वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही.

पुस्तके उसनी मिळत, फी माफ होई, झोपायला एखाद्या देवळाची ओवरी चाले. अडायचे ते जेवणापाशी. पुणे, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशा गावांत त्यावर दोन तोडगे होते: वार आणि माधुकरी.

वार लावायचे म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे. सोमवारी एखाद्या वकिलांकडे, मंगळवारी शाळेतल्याच मास्तरांकडे, बुधवारी आईच्या लांबच्या मावशीकडे. सातही वार लागलेला मुलगा नशीबवान समजला जाई. ज्याचे पाचच लागत, तो उरलेले दोन दिवस गूळ-दाण्यांवर काढी किंवा खोलीवर भात शिजवी. माधुकरीत मुलगा पंचा नेसून, झोळी आणि तांब्या घेऊन दारोदार जाई, ‘ॐ भवति’ म्हणून उभा राही, आणि पाच घरांतून मिळालेले एकत्र कालवून खाई. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाची, सुरुवात याच माधुकरीच्या आधाराने झाली.

वाराचे नियम कुणी लिहून ठेवलेले नव्हते, पण नव्या मुलाला ते पहिल्या पंधरवड्यातच पाठ होत. घरातल्या कर्त्या पुरुषाची कचेरीची वेळ सांभाळून पोचायचे; उशीर झाला तर गुपचूप शेवटच्या पंगतीला बसायचे. आंघोळ करून, सोवळ्याने जायचे. तूप दुसऱ्यांदा मागायचे नाही. पानात काही टाकायचे नाही. काल दुसरीकडे काय जेवलास, असे यजमानीणबाईंनी विचारले तरी एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी न्यायची नाही. त्या घरी सुतक आले किंवा मंडळी गावाला गेली की त्या दिवशीचे जेवण बुडाले असे समजायचे आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बाजारातून भाजी आणणे, पाणी भरणे, धाकट्यांचे पाढे घेणे ही कामे कुणी सांगितली नाहीत तरी करायची. मॅट्रिक होऊन एखादा निघाला की त्याचा वार बऱ्याचदा त्याच्याच गावाकडच्या दुसऱ्या मुलाकडे जाई.

या सगळ्यात देणाऱ्या बाईचे नाव कुठेच नाही. हायस्कुलांच्या इतिहासात देणगीदारांच्या याद्या आहेत, इमारतींवर कोनशिला आहेत. पण चुलीपुढे बसून परक्या मुलाच्या पानात वर्षानुवर्षे दर बुधवारी भाकरी वाढणाऱ्या स्त्रीने एका मॅट्रिक्युलेटचा खर्च उचलला होता, हे कुठल्या दप्तरात नोंदलेले नाही. त्या शिक्षणाची मोठी देणगीदार तीच होती.

दुसऱ्याच्या आधारावर शिकण्याचा मुलाच्या मनावर भार किती असेल, हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घरावरून समजते. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून नोकरी धरली. पंधरा रुपये पगारातले आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत. त्या आठ रुपयांत खोली, फी आणि पोट भागवून गोखले १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. ज्याला असा भाऊ नव्हता, त्याला वार होता.

पण वार कोणाला होता? सोवळ्याची अट सांगितली की उत्तर तिथेच मिळते. ब्राह्मण मुलालाच ब्राह्मणाघरच्या पंगतीत जागा होती. कुणब्याचा, धनगराचा, महाराचा मुलगा कितीही हुशार असला तरी हायस्कुलाच्या गावात त्याच्यासाठी पान मांडले जात नव्हते. वाराच्या रीतीत खरा जिव्हाळा होता, आणि ती रीत बहुसंख्य मुलांना दाराबाहेर ठेवीत होती. या दोन्ही गोष्टी एकाच पंगतीत घडत होत्या, आणि दुसरी सोडून पहिलीच सांगणे हा अन्याय आहे.

मुंबईसारख्या शहरातल्या सरकारी हायस्कुलातही तेच चाले. एल्फिन्स्टन हायस्कुलात मुले आपले जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवीत. शिक्षकांनी भीमराव आंबेडकरांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात गोंधळ उडाला आणि मुलांनी धावत जाऊन आपापले डबे दूर केले. कायद्याने ते त्याच वर्गात, त्याच बाकांवर शिकत होते. न लिहिलेला नियम मात्र फळ्यामागे होता. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हा प्रश्न नेमका ओळखला: शाळा उघडून भागत नाही, राहण्या-जेवणाची सोय हवी. सर्व जातींसाठी १८९६ मध्ये काढलेले राजाराम वसतिगृह प्रत्यक्षात एकाच जातीच्या मुलांचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले. जातवार वसतिगृहे हा आदर्श नव्हता. एकत्र ताटाला समाज तयार नव्हता म्हणून काढलेला तो मार्ग होता.

त्याच काळात कुंभोजचा एक मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून हायस्कुलात शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर विटाळ घालवण्याची आंघोळ करायला त्याने नकार दिला. बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावे लागले. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह काढले, जिथे सगळ्या जातींची मुले एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. गांधीजी १९२७ मध्ये तिथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे नामकरण झाले: श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. वाराच्या रीतीला इतके थेट उत्तर महाराष्ट्रात दुसरे दिले गेले नसेल.

मुलींसाठी वार नव्हताच. मुलगी एकटी परक्या घरी जेवायला जाईल, ही कल्पनाच कुणी केली नव्हती. म्हणून पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) किंवा कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम यांत शाळेइतकेच महत्त्व स्वयंपाकघराला होते.

स्वातंत्र्यानंतर वार हळूहळू मागे पडला आणि एस.टी.चा डबा आला. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली, आणि पुढे गाड्या खेडोपाडी पोचल्यावर आईच्या हातची भाकरी तालुक्याच्या गावी पोचवण्याची सोय झाली. फडक्यात बांधलेला डबा सकाळच्या गाडीत ड्रायव्हर-कंडक्टरकडे द्यायचा, स्टँडवर पोराने तो उतरवून घ्यायचा, रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. बहुतेक कंडक्टर त्याचे पैसे घेत नसत. इथेही नियम होते. डबा खोलीवरच्या सगळ्यांत फोडायचा. पावसाने ज्याच्या गावची गाडी चुकली, त्याने न विचारता दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा. कुणाच्या भाकरीबरोबर नुसतेच तिखट आले, तर त्यावर बोलायचे नाही. आणि या खोल्यांत कुणब्याचा, माळ्याचा, चांभाराचा मुलगा पुष्कळदा एकाच वर्तमानपत्रावर जेवायला बसे, जे त्यांच्या आजोबांना करता आले नव्हते.

पुढे रयत आणि इतर संस्थांची हायस्कुले खेड्यांतच उघडली. दहावीपर्यंत घर सोडण्याची गरज उरली नाही आणि डबा अकरावी-बारावीच्या मुलांपुरता राहिला. डोंगरी वस्त्यांवरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांना मात्र शाळेसाठी आजही वसतिगृहातच राहावे लागते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आई-बाप बीडहून निघतात, आणि त्या वर्षी मूल शाळेत राहील की फडात जाईल हे गावातल्या हंगामी वसतिगृहात चूल पेटली की नाही यावर ठरते.