मामालच्या अमात्यास

गेल्या पावसाळ्यात माझ्या कादंबरीची तीन प्रकरणे एका रात्रीत नाहीशी झाली. लोणावळ्याचा पाऊस वाचकांना ठाऊक आहेच. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि संगणकाने डोळे मिटले ते मिटलेच. दुरुस्तीवाल्याने नुसती मान हलवली. तेव्हापासून मी शाईच्या पेनाकडे आणि दोनशे पानी वहीकडे परतलो आहे. मुले हसतात. हसोत बापडी!

पाऊस सरल्यावर याच मुलांना मी कार्ल्याला नेले. मोबाइल घरी ठेवायचे, हाती वही-पेन्सिल घ्यायची, असा माझा दंडक. वेहेरगावच्या पायऱ्या चढून एकवीरेपाशी पोचले की लगतच ते प्रचंड चैत्यगृह, सुमारे ४५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. आत शिरल्यावर मी सर्वांना वर पाहायला लावले. दगडी छताला लाकडी कमानी आहेत, आणि त्या जवळजवळ दोन हजार वर्षांच्या! वास्तविक छताचा भार त्यांच्यावर मुळीच नाही. अखंड डोंगर कोरल्यावर त्याला टेकू कशाला हवा? पण पूर्वी अशी मंदिरे लाकडाची बांधीत. दगड कोरण्याची नवी विद्या हाती आली तरी त्या माणसांना जुनी कमान सोडवेना. दर्शनी दारावर ज्याचे नाव कोरले आहे तो वेणुवासाचा पुत्र सामी, धेनुकाकटचा राहणारा, जातिवंत सुतारच होता. पलीकडच्या डोंगरात भाज्याचे लेणे याहूनही जुने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तेथे तर लाकडी कमानींवरच ब्राह्मी अक्षरे सापडली आहेत.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. ब्राह्मी मला वाचता येत नाही. पंडितांनी वाचून ठेवले तेच मुलांना सांगितले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या, म्हणजे येथल्याच, भिक्षूंना करजिक गाव दान दिले. पुढे राज्य पालटले. नव्या सातवाहन राजाने मामालच्या अमात्याला आज्ञा धाडली, की करजिक गाव भिक्षूंकडेच असू द्यावे. मामाल म्हणजे आपले मावळ. तीही आज्ञा भिंतीवर कोरली गेली.

"सर, म्हणजे हा सातबाराच की!" मागून एक मुलगी म्हणाली.

तिच्या घरच्या जमिनीची कटकट मला माहीत होती. पूर्वीच्या नोंदी मोडीत, गावात मोडी वाचणारे कुणी नाही, आणि आताचा उतारा संगणकावरचा. तिचा बाप त्या कागदांची पिशवी घेऊन फिरत असतो. मला एकदम बोलवेना, कारण जुन्याची बाजू घेता घेता मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरलो होतो. या भिंतीवरची अक्षरेही शतकानुशतके मुकीच होती. ब्राह्मी वाचणारेच उरले नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे दगड बोलू लागला. सोन्यासारखे टिकलेले अक्षर, पण वाचणारा नाही, तर त्याचा उपयोग काय?

तेवढ्या वेळात त्या मुलीने भिंतीवरची पाच-सात अक्षरे वहीत उतरवली होती. परतताना मळवली स्टेशनावर तिने विचारले, "सर, मोडी कुठे शिकवतात?"

आता दर शनिवारी दुपारी आम्ही दोघे जुन्या बाराखडीच्या पुस्तकावरून मोडी गिरवतो. ती माझ्यापुढे गेली आहे. माझे तिसरे प्रकरण आठवून आठवून अर्धे झाले आहे, आणि वही मी मेणकापडात गुंडाळून फडताळात वरच्या खणात ठेवतो.