जीनांचा एक्स-रे आणि वकिलाचा कारकून

१९४६ साली मुंबईच्या डॉ. जल पटेल यांच्याकडे एक एक्स-रे फिल्म होती. क्षयानं पोखरलेली ती फुप्फुसं बॅरिस्टर महंमद अली जीनांची होती. पटेलांनी ती फिल्म पाकिटात घालून कुलपात ठेवली आणि कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. ही हकिगत जगाला ठाऊक झाली ती लॅरी कॉलिन्स आणि डॉमिनिक लापिएर यांच्या १९७५ च्या ‘फ्रीडम अ‍ॅट मिडनाइट’मुळे. तोवर जीनांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ११ सप्टेंबर १९४८ ला ते कराचीत वारले.

फिल्म बाहेर आली असती तर फाळणी टळली असती का, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. पत्रकारांनी जवळजवळ तीस वर्षांनी रंगवून लिहिलेल्या प्रसंगावर एवढा मोठा ‘जर’ उभा करू नये, असं माझं मत. मला छळतो तो त्याहून लहान प्रश्न. पटेलांना गप्प राहायला बांधलं कोणी होतं? आणि फिल्म धुणाऱ्या माणसाला?

शपथ, हे पहिलं उत्तर. हिपोक्रेटिसची सगळ्यांना माहीत असते. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या आठव्या अध्यायातही गुरू शिष्याला बजावतो, की रोग्याच्या घरात जे दिसेल ते घराबाहेर न्यायचं नाही. पण शपथ घेतो तो वैद्य. औषध कुटणाऱ्याकडून ती कोणी घेत नाही.

कायद्याकडे वळलं की चित्र आणखी विचित्र दिसतं. १९१२ च्या बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्टनं डॉक्टरांची नोंदवही आणली. व्यवसायाला काळिमा फासणारं वर्तन केलं, तर नाव त्यातून काढता येई. म्हणजे पटेलांच्या डोक्यावर काहीतरी टांगलेलं होतं. पण कोर्टानं विचारलं असतं तर? १७७६ साली लंडनमध्ये डचेस ऑफ किंग्स्टन हिच्यावर द्विभार्या गुन्ह्याच्या धर्तीचा, दोन नवरे केल्याचा खटला चालला. सर्जन सीझर हॉकिन्स साक्षीला उभे राहिले आणि रुग्णाकडून कळलेली गोष्ट सांगणं मला बंधनकारक आहे का, असं त्यांनी विचारलं. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांचं उत्तर असं, की आपण होऊन गुपित फोडणं सर्जनच्या अब्रूला शोभणार नाही, पण न्यायालयात ते सांगावंच लागेल.

हीच रीत आपल्याकडे आली. फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ आहे. अशिलानं सांगितलेलं बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी, प्लीडर, वकील यांना उघड करता येत नाही. लगेच पुढचं कलम १२७ पाहा. तेच बंधन त्यांच्या दुभाष्यांना, कारकुनांना आणि नोकरांनाही लागू! कागद लिहितो कारकून, नेतो शिपाई, हे स्टीफनसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरचं नाव मात्र या कलमांत कुठंच नाही, मग कंपाउंडरचं कुठून असणार?

आता हे जीनांना लावून बघा. बॅरिस्टर जीनांच्या चेंबरमधला कारकून अशिलाच्या गुपिताला कायद्यानं बांधलेला, आणि त्याच जीनांची छाती तपासणारा डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उघडा. २०२३ साली पुरावा कायदा बदलून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. वकील आणि त्यांचे कर्मचारी त्यात आहेत. डॉक्टर अजूनही नाहीत.

डॉक्टरांसाठी आज आहे ती २००२ ची आचारनियमावली. रुग्णाचं गुपित फोडायचं नाही, अपवाद तीन. न्यायाधीशांचा आदेश, कोणाला गंभीर धोका, आणि कळवणं सक्तीचं असलेले रोग. यातल्या दुसऱ्या अपवादाची गोष्ट सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये ठरवली. नागालँडचा एक डॉक्टर रुग्णाबरोबर मद्रासला गेला होता. तिथं रक्त देताना तो एचआयव्हीबाधित असल्याचं निघालं. बातमी पसरली, ठरलेलं लग्न मोडलं. तो रुग्णालयाविरुद्ध गेला आणि हरला. होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका असताना गुप्तता निरपवाद नसते, असं न्यायालय म्हणालं. माझ्या मते यात एक धागा सुटला. होणाऱ्या बायकोला सांगणं वेगळं आणि गावभर होणं वेगळं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ते वेगळं केलं: जोडीदाराला सांगायचं तर डॉक्टर किंवा समुपदेशकानं, अटी पाळून. नोंदी ठेवणाऱ्या संस्थांवरही त्यानं जबाबदारी टाकली. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं सर्व आरोग्य व्यावसायिकांना बांधलं. कलम १२७ चं शहाणपण दवाखान्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचायला १४५ वर्षं लागली, आणि तेही दोनच आजारपणांपुरतं.

माझ्या संग्रहात रद्दीतून आलेली एका दवाखान्याची नोंदवही आहे. गाव सांगत नाही. वजनावर घेतली. जांभळ्या शाईत नाव, वय, जात, रोग. ‘परमा’ या शब्दापुढे एका नवऱ्याचं नाव आहे आणि अकरा दिवसांनी त्याच घरातल्या बाईचं. ती आडनावं त्या गावात आजही नांदतात. २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या. पुढे त्या नष्ट कशा करायच्या, याबद्दल त्या कलमात शब्द नाही. पुढे रद्दीवाला, आणि मग माझ्यासारखे. मी डॉक्टर नाही. २०२३ चा विदा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे, पण तो डिजिटल माहितीपुरता. वहीचा मोबाइलवर फोटो काढला तर गोष्ट बदलते. तरी संशोधनाला त्यात सूट आहे. अमेरिकेत गेलेली आपली मुलं ‘हिपा’चं कौतुक सांगतात. त्या कायद्याखाली मृताची माहितीही मृत्यूनंतर ५० वर्षं जपली जाते, हे खरंच. पण बांधलेले असतात ते दवाखाने, विमा योजना आणि त्यांची कामं करणाऱ्या संस्था. शेजारी आणि रद्दीवाला तिथंही मोकळेच.

मी वहीतून महिना, वय आणि रोग एवढंच उतरवून घेतलं. मित्र म्हणतात, नावांशिवाय इतिहास होत नाही. वाद चालू आहे.

आणि क्षयाचं काय झालं? २०१२ पासून क्षयरुग्ण सरकारला कळवणं सक्तीचं आहे. २०१८ च्या अधिसूचनेनं प्रयोगशाळा आणि औषध दुकानदारही त्यात आणले, न कळवल्यास फौजदारी कलमं लागू शकतात असं बजावून. कारण रास्त आहे. उपचार अर्धवट सुटले तर औषधांना न जुमानणारा क्षय पसरतो. पण तीच फिल्म आज पटेलांच्या हातात आली असती, तर कुलूप लावणं हाच गुन्हा ठरला असता. रुग्णाचं नाव, पत्ता ‘निक्षय’ या सरकारी यंत्रणेत भरावा लागला असता. तो टाइप करणारा, बहुधा कंत्राटावरचा मुलगा २००२ च्या डॉक्टरांच्या नियमावलीत बसत नाही.