कडूपणा आणि दलदलींतला पक्षी

इंग्रजींत कडूला 'बिटर' म्हणतात आणि दलदलींतील लव्हाळ्यांत वावरणाऱ्या, बगळ्याच्या कुळांतील एका पक्ष्याला 'बिटर्न'. कानाला हीं दोन्ही नांवें सख्खीं भावंडें वाटतात. पण त्यांचें मूळ एक नाहीं.

'बिटर' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. चावणें या अर्थाच्या 'बीटान' या क्रियापदाशीं त्याचें नातें आहे. जिभेला चावा घेतें तें कडू. पक्ष्याचें जुनें इंग्रजी नांव मात्र 'रारेदुम्ले'. लॅटिन शब्दांचे अर्थ देणाऱ्या प्राचीन याद्यांत तें आढळतें. १०६६ सालीं नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकलें आणि पुढें फ्रेंच 'ब्यूतोर' या शब्दानें त्याची जागा घेतली. या शब्दांत लॅटिन 'टौरुस', म्हणजे बैल, दडला आहे असें मानतात. कारण विणीच्या दिवसांत नराचा आवाज बैलाच्या डुरकण्यासारखा घुमतो. शेवटचा 'न' मागाहून चिकटला.

नांव टिकलें, पण पक्षी टिकणें कठीण झालें. सतराव्या शतकापासून पूर्व इंग्लंडांतील 'फेन' दलदलींचें पाणी काढून तेथें शेतें झालीं. शिकारही चालूच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्यें त्याची वीण थांबली. १९११ सालीं नॉर्फोकमध्यें पुन्हां घरटें सांपडलें. तरी १९९७ सालीं घुमणारे नर अवघे ११ उरले होते. मग लव्हाळ्यांचीं रानें नव्यानें राखलीं गेलीं, आणि आज ते २०० हून अधिक आहेत.

शब्द कोशांत राहतो. ज्या डुरकणीवरून तो पडला, ती ऐकूं येण्यास मात्र दलदल राखावी लागते.