उपग्रहवेध, हौशी

कृत्रिम उपग्रहांचे स्थान, तेजस्विता किंवा रेडिओ संदेश जमिनीवरून छंद म्हणून टिपण्याच्या कामास ही संज्ञा लावतात. उपग्रह केवळ परावर्तित सूर्यप्रकाशाने दिसत असल्यामुळे, निरीक्षक काळोखात आणि उपग्रह उन्हात असेल अशी सूर्यास्तानंतरची किंवा सूर्योदयापूर्वीची वेळ यास सोयीची ठरते. पृथ्वीच्या छायेत शिरताच तो भर आकाशात दिसेनासा होतो.

नुसते दर्शन घेणे सोपे असून वेध घेणे कष्टाचे आहे. ज्ञात ताऱ्यांच्या संदर्भाने उपग्रहाचे स्थान आणि त्या स्थानी तो असल्याचा नेमका क्षण, या दोहोंची नोंद झाली तरच तिचा कक्षा ठरविण्यास उपयोग होतो. नीच कक्षेतील उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे ७.५ किमी. असल्याने वेळेतील एक दशांश सेकंदाची चूक स्थानात सुमारे पाऊण किमी.ची चूक करते. म्हणून जुन्या निरीक्षकांच्या साहित्यात दुर्बिणीइतकाच मान विरामघड्याळाला होता.

या छंदाला संघटित रूप अमेरिकी ज्योतिर्विद फ्रेड व्हिपल यांनी १९५६ मध्ये आखलेल्या ‘मूनवॉच’ योजनेने दिले. तीत हौशी निरीक्षक याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे खस्वस्तिकातून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर, छोट्या दुर्बिणी ओळीने रोखून बसत. त्यांची दृष्टिक्षेत्रे काहीशी एकमेकांवर येत असल्याने ती रेषा ओलांडणारा उपग्रह सहसा निसटत नसे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘स्पुटनिक–१’ सुटला, तेव्हा व्यावसायिक मागोवा-यंत्रणा पुरती सिद्ध नव्हती आणि सुरुवातीच्या वेधांचा मोठा भार या संघांवर पडला. मात्र लोकांनी तेव्हा नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो बहुधा उपग्रह नसून त्याच्यासोबत कक्षेत गेलेला, कितीतरी मोठा अग्निबाणाचा टप्पा होता. पुढे बेकर–नन कॅमेऱ्यांचे जाळे उभे राहिले, त्यांपैकी एक नैनिताल येथे होता. तरीही मूनवॉच १९७५ पर्यंत टिकली.

रेडिओ वेधांचे सर्वांत लक्षणीय उदाहरण इंग्लंडमधील केटरिंग येथील शाळेचे आहे. तेथील भौतिकीचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी सोव्हिएट उपग्रहांचे संदेश ऐकत. १९६६ मध्ये काही ‘कॉसमॉस’ उपग्रहांचे भूमार्ग ज्ञात प्रक्षेपणतळाशी जुळेनात, तेव्हा त्यांनी ते मागे वाढवून प्लेसेत्स्क परिसरातील अघोषित तळाचे स्थान काढले. शालेय साधनांनी केलेली ही कामगिरी गुप्ततेच्या मर्यादा पुरेशा स्पष्ट करते, कारण उपग्रहाची कक्षा झाकून ठेवता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये, २००५ पासून संपर्क तुटलेला नासाचा ‘इमेज’ उपग्रह पुन्हा संदेश पाठवीत असल्याचे कॅनडातील एका हौशी निरीक्षकास आढळले. तो प्रत्यक्षात दुसऱ्याच, गुप्त उपग्रहाच्या शोधात होता.