परभणी जिल्हा

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे सव्वासहा हजार चौ. किमी.; लोकसंख्या १८,३६,०८६ (२०११). उत्तरेस हिंगोली व बुलढाणा, पूर्वेस नांदेड, दक्षिणेस लातूर, पश्चिमेस बीड व जालना हे जिल्हे. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा असे नऊ तालुके. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा औंढा नागनाथ आणि संत नामदेवांची नरसी ही दोन मोठी तीर्थस्थाने तिकडे गेली. 

अर्थव्यवस्था : गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या, खोल काळी जमीन आणि जायकवाडीचा डावा कालवा एवढे असताना जिल्हा राज्यातील मागास जिल्ह्यांत मोजला जातो. दोष जमिनीचा म्हणता येत नाही. सोयाबीन, कापूस, तूर आणि ज्वारी ही मुख्य पिके. मानवत व सेलू या कापसाच्या जुन्या पेठा. तेथे कापसाची सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि माल बाहेर जातो. सूत, कापड आणि त्यावरची मजुरी दुसऱ्या गावांच्या पदरात पडते. सोयाबीनचेही बरेचसे असेच. पाण्याची वाटणीही विषम आहे. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण जिंतूर तालुक्यात, पण त्याचे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात सोडले जाते आणि कालवे तेथून निघतात. धरणाला जमीन देणारा जिंतूरचा डोंगराळ भाग स्वतः बव्हंशी कोरडवाहू राहिला. एका पावसाने दगा दिला की पेरणीचे कर्ज अंगावर येते. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत या जिल्ह्याचे नाव वारंवार आले, ते याच दुष्टचक्रातून.

जिंतूर, गंगाखेड, पालम या भागांतील वाड्या-तांड्यांवरची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. घरी म्हातारी माणसे राहतात, आणि मुले एक तर त्यांच्यापाशी राहतात नाही तर फडावर जातात. फडावर गेलेल्यांची शाळा तुटते. शिकलेली पिढी पुणे-संभाजीनगरची वाट धरते.

आरोग्य : ऊसतोड करणाऱ्या बाईला पहाटेपासून मोळ्या वाहाव्या लागतात; आजारपणात खाडा झाला तर उचल फिटत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. परभणीच्या तांड्यांवरचे काम तेच आणि सक्तीही तीच. तेव्हा त्या प्रश्नाकडे केवळ बीडचा म्हणून पाहता येणार नाही. अवघड दुखण्याला रुग्णाला नांदेड किंवा संभाजीनगरला हलवण्याची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याला २०२३ मध्ये मिळाले, म्हणजे फारच उशिरा.

आरोग्याचे एक मोलाचे काम मात्र येथील शेतात झाले आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) भेंडीचे ‘परभणी क्रांती’, ज्वारीचे ‘परभणी मोती’ असे वाण दिले. २०१८ मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी प्रसारित झाली. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, हिच्यात ४५ च्या आसपास. जस्तही २० ऐवजी ३२ च्या घरात. भाकरी हेच जेथे मुख्य अन्न आणि रक्तक्षय हे बायकांचे घरोघरचे दुखणे, तेथे या वाढीव लोहाला अर्थ आहे. अडचण अशी की रेशनवर गहू-तांदूळ मोफत मिळतो आणि सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. हे वाण गरिबाच्या ताटात पोहोचवायचे तर ते रेशन दुकानात आणि अंगणवाडीत यायला हवे.

दळणवळण व प्रवास : मनमाड-काचीगुडा मार्ग १९०० च्या सुमारास मीटरगेज म्हणून सुरू झाला. परभणी हे परळीकडे, तर पूर्णा हे अकोल्याकडे जाणाऱ्या फाट्याचे जंक्शन. मीटरगेजच्या काळात पूर्णा हे रेल्वेचे गाव होते. रुंदीकरण झाले, २००३ मध्ये नांदेड विभाग झाला आणि पूर्ण्याची बाजारपेठ बसली. मुंबईसाठी देवगिरी, उत्तर भारतासाठी सचखंड एक्सप्रेस सोयीच्या. कल्याण-निर्मल महामार्ग पाथरी, मानवत, परभणी असा जातो. जवळचा विमानतळ नांदेड. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या आडवाटा चिखलाने बंद पडतात, मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो. प्रवासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मात्र गरम कपडे हवेतच, कारण विद्यापीठाच्या परिसरात थंडी कधीकधी पाच अंशांखाली उतरते.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, गोदावरीच्या काठी. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी, तर चारठाणा येथे यादवकालीन मंदिरे व दीपमाळ आहे. तिची निगा याहून बरी राखायला हवी. परभणीत फेब्रुवारीच्या आरंभी हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो आणि त्यास सर्व धर्मांचे लोक येतात. पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान असल्याची स्थानिक श्रद्धा आहे. जानेवारी २०२० मध्ये त्याच्या विकासाची घोषणा होताच शिर्डीत बंद पाळला गेला. साईभक्तांना पाथरी परभणी आणि सेलू या दोन्ही स्थानकांवरून एसटीने गाठता येते. मानवत रोड स्थानक त्याहून जवळ, पण तेथे थोड्याच गाड्या थांबतात.