हंगाम वाचताना

खेळांविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, पण ते बहुतांशी खेळाडूंविषयी आणि गाजलेल्या सामन्यांविषयी. एका संघाचा अख्खा हंगाम, पहिल्या सराव शिबिरापासून शेवटच्या गुणतक्त्यापर्यंतचा, अभ्यासाला घ्यावा असे आपल्याकडे क्वचितच कुणाला वाटले. सुरुवात नेटबॉलपासून करू या, कारण स्त्रियांच्या सांघिक खेळाला राष्ट्रीय लीग मिळाली की काय घडते, ते या खेळात स्वच्छ दिसते.

१८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत बास्केटबॉल बसवला. इंग्लंडच्या मुलींच्या कॉलेजांत त्याचे रूप पालटत गेले आणि नेटबॉल घडला. देशोदेशीचे नियम एकसारखे करण्याचे काम १९६० मध्ये कोलंबोत झाले. मैदानावर सात जणी असतात, प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेची अक्षरे असतात आणि तिला ठरलेल्या भागाबाहेर पाऊल टाकता येत नाही. चेंडू टप्पे देत पळवता येत नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवता येत नाही. त्यामुळे कुणी कितीही चपळ असली तरी एकटीच्या जोरावर गोल होत नाही. ‘गोल अटॅक’च्या जागेवरची खेळाडू गोलासमोरच्या वर्तुळाच्या काठाशी थांबली की आतली ‘गोल शूटर’ कोणत्या अंगाला सरकणार, हे चेंडू हातातून सुटायच्या आधी तिला उमगलेले असावे लागते. ही उमज एका सामन्यात येत नाही. ती यायला हंगाम लागतो.

ऑस्ट्रेलियातील सुपर नेटबॉल लीग २०१७ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. प्रत्येक संघाला चौदा फेऱ्या खेळायच्या आणि पहिल्या चारांनी पुढे जायचे. सनशाइन कोस्ट लायटनिंग हा नवाकोरा संघ त्याच वर्षी विजेता ठरला. २०१८ मध्ये तो कसाबसा चौथ्या स्थानावर आला आणि तरीही अंतिम सामना ६२-५९ असा जिंकून त्याने विजेतेपद राखले. हरल्यानंतरही पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरायला मिळते, म्हणून असा संघ घडतो. अभ्यासकाने पाहायचे ते हेच: हरलेल्या संघाला पुढचा सामना कधी मिळतो?

हा प्रश्न घेऊन कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात यावे. काळी नदीच्या खोऱ्यातला हा जंगलाचा तालुका. सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले, विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. कुणबी, मराठा, सिद्दी अशी इथली माणसे घरात कोकणी किंवा मराठी बोलतात आणि कचेरीत कन्नड. १९८७ मध्ये धरण पुरे झाले आणि त्याच सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाची स्पेशल एरिया गेम्स ही योजना सुरू झाली. त्यावेळी मार्गारेट अल्वा क्रीडामंत्री होत्या. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी मुलामुलींना या जिल्ह्यातून निवडून धावण्या-उड्यांचे प्रशिक्षण द्यायचे, असे ठरले. त्यातून कमला सिद्दी यांच्यासारखी अडथळ्यांच्या शर्यतीतली राष्ट्रीय दर्जाची धावपटू पुढे आली. पण सिद्दींसाठीचा हा उपक्रम १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुंडाळला गेला.

या योजनेचा हेतू चांगला होता, पण तिचा पाया मला कच्चा वाटतो. वेग रक्तातच असतो, तो हुडकून शहरात नेला की पदक मिळेल, असे तिने गृहीत धरले. निवडलेले मूल गेले की मागे गावात काही उरत नव्हते. ना संघ, ना प्रशिक्षक, ना पुढच्या रविवारचा सामना. गावाचा आपला संघ असता, तर एक मुलगी बाहेर पडल्यावर तिच्या जागी दुसरी उभी राहिली असती.

कर्नाटकातल्या शाळांत मुलींचा हक्काचा खेळ म्हणजे थ्रोबॉल. त्याच्याबरोबर कबड्डी आणि खो-खो आहेतच. स्पर्धांची शिडीही आहे: तालुका, मग जिल्हा, मग बेळगाव विभाग, मग राज्य. परंतु ही शिडी बहुधा बाद पद्धतीची असते. पहिल्याच सकाळी हरलेला संघ दुपारच्या बसने घरी परततो, आणि त्याचे वर्ष तिथेच संपते. जोयड्यासारख्या विरळ वस्तीच्या तालुक्याला याची झळ सर्वांत जास्त बसते, कारण सरावासाठी शेजारचा संघ गाठायचा तरी जंगलातली वाट तुडवावी लागते.

राष्ट्रीय पातळीवरही चित्र फार वेगळे नाही. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची कबड्डी चॅलेंज स्पर्धा झाली. संघ तीनच: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. कर्णधार अनुक्रमे ममता पुजारी, अभिलाषा म्हात्रे आणि तेजस्विनी बाई. पहिली आणि तिसरी कर्नाटकची, मधली महाराष्ट्राची, तिघीही अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या. ३१ जुलैला हैदराबादला स्टॉर्म क्वीन्सने अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने जिंकला. इतक्या चुरशीच्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही. या एका हंगामाचा तपशीलवार अभ्यास कुणीतरी करायला हवा. कोण कोणत्या गावातून आली, सराव किती दिवस मिळाला, नंतर कुठे नोकरी लागली, हे सांगणाऱ्या खेळाडू आज आपल्यात आहेत.

या विषयाची साधने ग्रंथालयात थोडी आणि घराघरांत जास्त आहेत. जोयडा, हल्याळ, खानापूर भागातल्या शाळांनी, तरुण मंडळांनी आणि जुन्या खेळाडूंनी आपल्याकडच्या गुणपत्रिका, संघांच्या याद्या, प्रमाणपत्रे, स्पर्धांची हस्तपत्रके रद्दीत घालू नयेत. त्यांवर तारीख आणि गाव लिहून ठेवावे, आणि अभ्यासक दारी आला तर त्याला ती मोकळेपणाने दाखवावीत.